किळस, विटाळ आणि लागण होण्याची भीती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात एका महाविद्यालयात मी मानसशास्त्र शिकवते. भावनांचा धडा सुरू असला की राग, दुःख, भीती यांच्यावर वर्ग निवांत डुलक्या घेतो. किळस आली की शेवटचा बाकसुद्धा जागा होतो. मग तास संपल्यावर जिन्यात, रात्री व्हॉट्सॲपवर, कधी हळदीकुंकवाला गेल्यावर तिथेही तेच ते प्रश्न येतात. पुन्हा पुन्हा येणारे इथे लिहून ठेवते. क्रम माझ्या लहरीप्रमाणे.

ते टमरेलाचं प्रकरण नक्की काय होतं?

नवी पेठेतून एक निळं प्लास्टिकचं टमरेल आणलं. किमतीचा कागद तसाच चिकटलेला. वर्गासमोर पाण्याची सीलबंद बाटली फोडून त्यात ओतली, लिंबू पिळलं, साखर-मीठ घातलं, नव्या चमच्याने ढवळलं. मार्चमधली दुपार, पंखा नुसताच कुरकुरत होता, सगळ्यांच्या घशाला कोरड. "कोण घेणार?" म्हटलं. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, नवीन आहे ते कळतंय की हो, पण..." त्या 'पण'च्या पुढे तिला काही सांगता येईना. चौघांनी घेतलं, त्यातल्या एकाने डोळे मिटून.

कल्पना माझी नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये असेच प्रयोग प्रसिद्ध केले. निर्जंतुक केलेलं मेलेलं झुरळ फळांच्या रसात बुडवून काढलं. रस नकोसा झाला. चॉकलेटच्या मिठाईला कुत्र्याच्या विष्ठेचा आकार दिला. चव तीच, पण हात पुढे येईना. सगळ्यात मजेशीर तिसरा. दोन बाटल्यांत एकाच पुडक्यातली साखर भरली आणि चिठ्ठ्या लावायला माणसांनाच सांगितलं. एका बाटलीवर 'साखर', दुसरीवर 'सोडियम सायनाइड'. आपल्याच हाताने लावलेली चिठ्ठी, तरी त्या दुसऱ्या बाटलीतल्या साखरेचं पाणी प्यायला लोक कां-कू करू लागले.

यातून दोन नियम सांगतात. एक स्पर्शाचा : एकदा लागलं ते लागलं, निघत नाही. दुसरा साम्याचा : जे जसं दिसतं ते तसंच असणार. झुरळ पहिल्यातलं, माझं टमरेल दुसऱ्यातलं. जादूटोण्याचा अभ्यास करणाऱ्या मानववंशशास्त्रज्ञांनी हेच दोन नियम त्याआधी कितीतरी वर्षं लिहून ठेवले होते. करणी करायला केस आणि नखं लागतात ती पहिल्या नियमाने, आणि बाहुली लागते ती दुसऱ्या.

किळस म्हणजे भीतीचाच एक प्रकार ना?

नाही. दोघींचं घर शेजारी-शेजारी आहे, एवढंच.

भीती वाटली की छाती धडधडते, पाय पळायला बघतात. किळस आली की पोट ढवळतं, नाक आक्रसतं, वरचा ओठ वर जातो. 'नाक मुरडणं' हा शब्दप्रयोग करणाऱ्याने चेहरा नीट पाहिला होता. भीती धावायला लावते, किळस थुंकायला.

मोठा फरक पुढेच आहे. साप बरणीत बंद करून झाकण घट्ट लावलं की भीती बरीच उतरते. बरणी शेतात नेऊन रिकामी केली की संपली. चहात माशी पडली तर? माशी काढली. आता चहा पितो का आपण? वस्तू गेली की भीतीही तिच्यामागे निघून जाते. किळस मात्र ती वस्तू जिथे लागली तिथे मुक्काम करते, तिथून हाताला, हातातून पदराला, पदरातून देव्हाऱ्याला. लागण होण्याची भीती म्हणतात ती इथून सुरू होते. धडधड भीतीची असते, पण ती पसरते किळसेच्या वाटेने.

मग माझ्या दोन वर्षांच्या नातीला कसलीच किळस का नाही?

कडू चवीला तीही तोंड वाकडं करेल. पण 'लागलं' ही कल्पना मुलांना उशिरा येते, साधारण पाच-सात वर्षांपासून पुढे पक्की होते. तोवर 'शी! टाक ते!' हे आपणच शिकवत असतो. शब्दापेक्षा चेहऱ्याने जास्त.

जगात सगळ्यांना एकाच गोष्टींची किळस येते का?

मूळ यादी बरीचशी एकच आहे. विष्ठा, पू, ओकारी, सडलेलं मांस, अळ्या, प्रेत. लंडनमधल्या आरोग्यशास्त्राच्या संशोधक व्हॅल कर्टिस यांनी भारतासह निरनिराळ्या देशांत लोकांना विचारून याद्या केल्या, तेव्हा हीच नावं पुन्हा पुन्हा आली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी इंटरनेटवरून जवळपास ४०,००० लोकांना चित्रं दाखवली, त्यांत काही जोड्या होत्या. एका चित्रात ताटलीत निळा द्रव, दुसऱ्यात तोच पण पू-रक्तासारख्या रंगाचा. जे रोग्याच्या अंगातून आल्यासारखं दिसे त्याची किळस जास्त निघाली. त्यांचं म्हणणं असं की किळस ही डोळ्यांना न दिसणाऱ्या रोगजंतूंविरुद्ध शरीराने बसवलेली राखण आहे, सूक्ष्मदर्शक येण्याच्या लाखो वर्षं आधीची.

पण यादीच्या शेपटीला आलो की जग फुटतं. सार्डिनियात जिवंत अळ्या वळवळणारं चीज चवीने खातात. आपण सारवायला शेण हाताने कालवतो. परक्या माणसाला ते बघवत नाही. आणि तो शौचानंतर नुसता कागद वापरतो हे ऐकून आमच्या आजीला जी शिसारी आली होती ती मी विसरणार नाही. "म्हणजे धूतच नाहीत?" एवढंच म्हणाली आणि हातातला घास खाली ठेवला. लांब कशाला, इथेच बघा. एका गल्लीत रविवारी वजडी साफ करायला बसले की घरात सण, आणि भिंतीपलीकडच्या घरात खिडक्या बंद.

चार्ल्स डार्विनने १८७२ मध्ये भावनांवर लिहिताना दक्षिण अमेरिकेच्या टोकाचा, टिएरा डेल फ्यूगोचा एक प्रसंग सांगितला आहे. तो डब्यातलं थंड मांस खात होता. तिथल्या एका माणसाने ते बोटाने दाबून पाहिलं आणि त्याच्या मऊ लिबलिबीतपणाची त्याला किळस आली. इकडे डार्विनला किळस आली ती एका उघड्या 'रानटी' माणसाने आपल्या अन्नाला बोट लावलं म्हणून. आणि डार्विन प्रामाणिकपणे लिहितो की त्या माणसाचे हात काही घाण दिसत नव्हते. मला हा प्रसंग फार आवडतो. एकच मांसाचा तुकडा, दोन माणसं, दोघेही नाक मुरडतायत. एकाला वस्तूची किळस, दुसऱ्याला माणसाची.

'उष्टं' हा प्रकार फक्त आपल्यातच आहे का?

सोलापुरात राहून हा प्रश्न विचारायचा म्हणजे कमाल आहे. पूर्व भागात तेलुगू बोलणारं घर असेल तर 'एंगिली' ऐकलं असेल. अक्कलकोटच्या बाजूचं कन्नड घर असेल तर 'एंजलु'. हिंदी-उर्दूत 'जूठा'. 'सोवळं'ला कन्नड-तेलुगूत 'मडी', विटाळाला कन्नडमध्ये 'मैलिगे', तेलुगूत 'मैल'. चार भाषांना शब्द आहे आणि इंग्रजीला धड एक नाही. तिथे सांगायला अख्खं वाक्य लागतं. म्हणून इंग्रज पोर बाटलीला तोंड लावून पाणी पितं आणि तीच बाटली मित्राला देतं. आपण मान मागे टाकून वरून धार सोडतो, नाकात गेलं तरी चालेल.

पण थुंकीची किळस त्यांनाही आहे. गॉर्डन ऑलपोर्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये साधी गंमत सुचवली होती. तोंडातली लाळ गिळा. काहीच वाटत नाही. आता तीच लाळ ग्लासात थुंका आणि पिऊन दाखवा. ओठांची सीमा ओलांडली की आपलंच आपल्याला परकं होतं.

गंमत पुढे आहे. ही सीमा प्रत्येक घरात काही माणसांसाठी उघडी असते. आई लेकराचं उष्टं खाते. नवऱ्याच्या ताटात जेवणाऱ्या बायका आपल्या आज्यांच्या पिढीत घरोघर होत्या (नवरा मात्र बायकोच्या ताटात बसलेला कुणी पाहिल्याचं सांगत नाही). शबरीची बोरं सगळ्यांना माहीत आहेत. आणि आपल्याच जिल्ह्यात, आषाढी पौर्णिमेला पंढरपूरजवळ गोपाळपुरात काला होतो तेव्हा लाह्या-दह्याचा तो गोळा कुणाच्याही हातातून कुणाच्याही तोंडात जातो. एरवी दुसऱ्याच्या तांब्याला ओठ न लावणारा माणूसही तो घेतो. तिथे उष्टं नाही, प्रसाद आहे. म्हणजे किळस विरते ती दोन ठिकाणी : जिथे माणूस आपला मानला, आणि जिथे देव मध्ये आला.

विटाळ, सोवळं-ओवळं हे म्हणजे पूर्वीच्या लोकांचं जंतुशास्त्रच की हो?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणाऱ्याला 'हो' हवं असतं.

थोडं हो. मातीचं भांडं बाटलं की फोडायचं, तांब्या-पितळेचं घासून घ्यायचं, हा आपला जुना नियम. माती आत शोषून घेते, धातू घेत नाही, हे निरीक्षण पक्कं आहे. जवळपास हाच नियम यहुद्यांच्या जुन्या धर्मशास्त्रातही आहे : मडकं फोडा, काशाचं भांडं घासून धुवा. दोन लोकांनी एकमेकांना न विचारता एकच गोष्ट ताडली. बाहेरून आल्यावर पाय धुणं, शिळं-नासकं टाकणं, प्रेताला शिवल्यावर आंघोळ, यातही शहाणपण आहे.

पण आता दुसरी बाजू. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो लोक पाणी प्यायले. त्यानंतर तळं 'बाटलं' म्हणून त्याची शुद्धी केली गेली. १०८ घागरींचा विधी, त्यात दूध, दही, शेण, गोमूत्र. शेण घातल्याने पाणी शुद्ध होतं आणि माणसाच्या ओंजळीने बाटतं, हे कुठल्या जंतुशास्त्रात बसतं? जंतू जात विचारत नाही. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना दहा दिवस उपोषण करावं लागलं. त्या मंदिराच्या पायरीशी चोखोबांची समाधी शतकानुशतकं आहे. चोखोबांच्या पत्नी सोयराबाई यांनी तर अभंगातून सरळच विचारलं होतं की विटाळ देहातच जन्मतो, मग सोवळा कोण उरला? सहाशे वर्षांहून जुना प्रश्न आहे, उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

पाळीच्या 'कावळा शिवला'चंही तेच. लोणच्याला हात लावला की ते नासतं म्हणे. बरणी नासते ती ओल्या चमच्याने.

माझ्या स्वतःच्या घरातलं सांगते, कारण दुसऱ्याचं सांगणं सोपं असतं. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा चहाचा कप वेगळा होता. खिडकीच्या कट्ट्यावर, पालथा. लग्न होऊन आले तेव्हापासून मी तो तिथे बघत होते आणि कधी दिसलाच नव्हता. रोझिनचा प्रयोग वर्गात शिकवून आले त्या दिवशी स्वयंपाकघरात उभी राहिले आणि लक्षात आलं : घरातला प्रत्येक कप, प्रत्येक ताट, देवाची तबकंसुद्धा याच मावशींच्या हाताने धुतली जातात. त्यांच्या हाताची आम्हाला घाण वाटत नाही, त्यांच्या ओठांची वाटते. हात काम करतो, ओठ बरोबरीने बसतो. तो कप मी उचलून इतर कपांत ठेवला. सासूबाई काही बोलल्या नाहीत; आठवडाभर स्वतः स्टीलच्या पेल्यातून चहा प्यायल्या. मावशींनी मात्र विचारलं, "माझा कप फुटला का, ताई?"

ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ मेरी डग्लस यांनी १९६६ मध्ये मांडलं की घाण म्हणजे चुकीच्या जागी असलेली वस्तू. ताटातला भात अन्न, सदऱ्यावरचा भात खरकटं. माणसांनाही जागा नेमून दिल्या की जागा सोडणारा माणूस घाण वाटू लागतो. विटाळाचा मोठा भाग हा आहे. रोगजंतूंसाठी बसवलेली राखण माणसांवर सोडली गेली.

म्हणजे किळस आली की तिथे जंतू असतात, असं नाही?

नाही. आणि किळस आली नाही म्हणून जंतू नाहीत, असंही नाही. ते जास्त धोक्याचं.

लंडनमध्ये १८५४ साली कॉलऱ्याची साथ आली तेव्हा सगळे दुर्गंधीला दोष देत होते. डॉ. जॉन स्नो यांनी बोट ठेवलं ब्रॉड स्ट्रीटच्या हातपंपावर. त्याचं पाणी दिसायला बरं होतं, लोक ते आवडीने नेत. किळस झोपली होती.

आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून प्रत्येक घरात पिंप, टाकी, हंडे भरलेले. त्या पिंपात पोरं ग्लाससकट हात बुडवतात आणि कुणाला काही वाटत नाही, कारण पाणी स्वच्छ दिसतं. त्याच घरात पाण्यात केस दिसला तर हंडा ओतून देतील. बोटांवरचं पोटात गेलं तर जुलाब होतात, केसाने सहसा काहीच होत नाही. लांब दांड्याचं ओगराळं आणि झाकण एवढ्याने काम भागतं. गड्ड्याच्या जत्रेत धुळीच्या लोटात भजी खाताना तर आपण नाक घरीच ठेवून येतो.

किळसेचा चांगला उपयोग करता येतो का?

येतो. आंध्र प्रदेशच्या चित्तूर जिल्ह्यात १४ गावांत साबणाने हात धुण्याची एक मोहीम झाली, तिचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जंतूंवर व्याख्यान नव्हतं. एक आदर्श आई होती आणि एक ओंगळ लाडूवाला, जो नको तिथे हात घालून त्याच हातांनी लाडू वळतो. गाव हसायचं आणि शहारायचं. सुरुवातीला शौचानंतर किंवा जेवणाआधी साबण वापरणारे शेकडा एक-दोन होते. सहा महिन्यांनी मोहिमेच्या गावांत ते ३७ टक्के झाले.

पण हे औषध मोजून द्यायचं. किळस वागण्याला चिकटवायची, माणसाला नाही. 'न धुतलेला हात' घाण, हे चालेल. 'ते लोक' घाण, हे म्हटलं की पुन्हा चवदार तळं.

सांडपाणी शुद्ध करून प्यायची वेळ आली तर?

नामिबियाची राजधानी विंडहोक १९६८ पासून पीत आहे. सिंगापूरने २००२ मध्ये बाटल्यांतून वाटून लोकांना सवय लावली. ऑस्ट्रेलियातल्या टुवूम्बा शहरात दुष्काळ होता, तरी २००६ च्या मतदानात सुमारे ६२ टक्के लोकांनी नको म्हटलं. पाणी तपासणीत पास झालं तरी मनातली 'लागण' प्रयोगशाळेत धुतली जात नाही. तसं म्हटलं तर उजनी धरणात वरच्या अंगाच्या किती शहरांचं पाणी उतरतं हे सोलापूरकरांना माहीत आहे. मध्ये नदी आहे, म्हणून मन मानतं.

डॉक्टर-नर्सना किळस येत नाही का?

येते, पण जिथे रोजचा हात पडतो तिथली मरते. शवविच्छेदन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवर रोझिन यांनीच अभ्यास केला. काही महिन्यांत थंड प्रेताला हात लावायची किळस कमी झाली. नुकत्याच मेलेल्या, अजून ऊब असलेल्या देहाची तेवढीच राहिली. सवयसुद्धा किती नेमकी लागते बघा.

आईचंही असंच. ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात आयांना नाव न सांगता लंगोट हुंगायला दिले, तरी स्वतःच्या बाळाचा वास कमी घाण वाटला. उलट गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत किळस वाढते, कारण तेव्हा संसर्ग सगळ्यात महाग पडतो. तेव्हा सुनेने भाजी बाजूला सारली तर नखरा समजू नका.

कुष्ठरोग्याकडे पाहून किळस आली. मी वाईट आहे का?

बाबा आमटेही पळाले होते. गटाराशी पडलेला, बोटं झडलेला तुळशीराम पाहून घाबरून घरी गेले, हे त्यांनी स्वतः सांगितलं आहे. मग परत आले. पहिली शिसारी आपल्या हातात नसते. परत जाणं असतं. माहितीसाठी : हा रोग सहजी लागत नाही, बहुतेकांना उपजतच प्रतिकारशक्ती असते, आणि औषधांनी तो पूर्ण बरा होतो.

आई दिवसात चाळीस वेळा हात धुते, नळसुद्धा धुते. हे सोवळं की आजार?

मराठीत याला जुना शब्द आहे : मंत्रचळ. सोवळं पाळणारी बाई सोवळं संपलं की निवांत होते. मंत्रचळ लागलेल्याला निवांतपणा मिळतच नाही. हाताची सालं निघतायत, बादल्यांनी पाणी जातंय, घरच्यांनाही पुन्हा-पुन्हा धुवायला लावतायत, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. रागावून उपयोग नाही, आणि 'हो, स्वच्छ आहे' अशी शंभरदा खात्री देऊनही नाही, त्याने आजार पोसला जातो. उपचारात जिची धास्ती आहे त्या वस्तूला थोडं थोडं शिवायचं आणि हात न धुता थांबायचं, हे पायरीपायरीने शिकवतात. गरज पडल्यास औषधंही असतात. एक सांगून ठेवते : भीती लवकर उतरते, किळस रेंगाळते, म्हणून धीर धरा. फोनवर बोलायचं असेल तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ वर आहे, मराठीत बोलता येतं.

दुधात पाल पडली. दूध विषारी होतं का?

घरातली पाल विषारी नसते. पण तिच्या अंगावर पोट बिघडवणारे जंतू असू शकतात. टाकून द्या. इथे आजी बरोबर आहे.

ते टमरेल आता कुठे आहे?

घरी आणलं. स्वयंपाकघरात कुणी येऊ देईना, ते अपेक्षितच होतं. मग म्हटलं, ज्यासाठी जन्माला आलं तिथेच ठेवू. पण संडासाच्या दारापर्यंत गेले आणि हात अडला. चार पोरांनी त्यातून सरबत प्यायलंय, ते आता तिथे कसं ठेवायचं? माझ्या टेबलावर आहे, त्यात पेनं ठेवते. किमतीचा कागद अजून निघालेला नाही.